लुबोवाचा हात आणि सासूबाईंचं नाव

कंपाला-मसाका हायवेवरच्या लुकायात लुबोवासारखा टेबलावरचा पूल खेळणारा दुसरा नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, आणि गंमत म्हणजे ते खरंही होतं. दुपारी आपल्या सलूनमध्ये गिऱ्हाईक नसलं की समोरच्या नांबूझेबाईंच्या बारच्या ओसरीवर जाऊन तो एकटा खेळत बसे. तेव्हा त्याने क्यूची काठी नुसती टेकवली तरी चेंडू मुकाट्याने पॉकेटात जाऊन पडत. डाव्या हाताने, बाईंशी गप्पा मारता मारता, हायवेवरच्या बसकडे बघत तो डावाचा शेवटचा, काळा चेंडू घालू शकत असे. अट एकच होती. तो चेंडू पडण्याची कोणाला गरज नसली पाहिजे.

गरज असली की लुबोवाचं काहीतरी बिनसायचं. आणि नसलेली गरज उभी करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

हायवेवरच्या सात बारची मिळून एक लीग होती. दर शनिवारी दुपारी सामना, पाच डाव, जिंकणाऱ्याला सोडा. वर्षाअखेरीस एक कप मिळे. त्याचा एक कान तुटलेला होता आणि तो सापडावा असं कोणाला फारसं वाटलंही नव्हतं. नांबूझेबाईंच्या बारच्या संघातले बाकीचे चौघे गडी शनिवारी दोन तास घराबाहेर काढायला मिळतात म्हणून खेळत. लुबोवाने मात्र जानेवारीपासून सलूनमध्ये दाढी करता करता जाहीर करून ठेवलं होतं. "यंदाचा कप आपला. शेवटचा डाव मी खेळणार. काळा मी घालणार. नाही घातला, तर पुन्हा क्यूला हात लावणार नाही." गिऱ्हाईक मान हलवत नसे, कारण गळ्यावर वस्तरा असे. लुबोवा तो होकार समजे.

सामन्याच्या दिवशी तो उकडलेल्या केळ्यांचं मटोके खात नसे, जड होतं म्हणून. बायकोशी वाद घालत नसे, मन बिघडतं म्हणून. त्याच्या बायकोचं, नसूनाचं, म्हणणं असं की लग्नानंतरचे सगळे चांगले दिवस शनिवारीच आले. इतकं सगळं पथ्य करूनही वर्षभरात शेवटचा डाव तो सहा वेळा हरला होता, आणि सहाही वेळा काळ्या चेंडूवर.

सातवी वेळ तर बघवत नव्हती. काळा पॉकेटाच्या तोंडाशी होता. फुंकर मारली असती तरी पडला असता. लुबोवाने क्यूला तीनदा खडू लावला, टेबलाला दोन प्रदक्षिणा घातल्या, डोळे मिटले आणि मनाशी म्हणाला, 'हा गेला तर तू संपलास.' भल्या माणसाने स्वतःला असं का सांगावं, देव जाणे. पण मन असंच कणखर होतं, अशी त्याची समजूत होती. तो वाकला आणि कोपरापासून हात थरथरायला लागला. क्यूने मारलेला पांढरा चेंडू काळ्याच्या शेजारून ओळखही न दाखवता निघून गेला.

नांबूझेबाईंनी सोड्याची बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, "जाऊ दे." त्या 'जाऊ दे'चा लुबोवाला फार कंटाळा आला होता. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात सेरुंकुमा पुढे आला. हा संघाचा कप्तान. एरवी काडीवर भाजलेली कोंबडी घेऊन बसच्या खिडक्यांशी धावायचा धंदा. त्यामुळे जगात कुठे काय चाललंय ते आपल्याला आधी कळतं, असं त्याला वाटे.

"हे मनाचं नाही," तो म्हणाला. "मनाचं असतं तर घाम आला असता. घाम आहे का? नाही. नुसता हात हलतोय. हा ओबुको आहे."

जावयाचा आणि सासूचा स्पर्श झाला की हातापायाला कंप सुटतो, त्याला ओबुको म्हणतात, हे लुकायातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर जावई सासूसमोर येत नाही, ती बसलेल्या खोलीत पाऊल टाकत नाही, आणि रस्त्यात समोरून आली तर केळीच्या बागेत शिरतो.

"सासूला शिवलायस तू," सेरुंकुमा म्हणाला. "आठव."

इथे लुबोवाने 'काहीतरीच काय' म्हणायला हवं होतं. दोन शब्दांत विषय मिटला असता. पण तो दमला होता हो. वर्षभर माझंच चुकलं, माझंच चुकलं करत तो जगत होता, आणि आज पहिल्यांदा कोणीतरी असं कारण पुढे करत होतं ज्यात त्याची चूकच नव्हती. तहानलेल्यापुढे कोणी तांब्या धरावा तसं झालं.

"असेल बुवा," तो म्हणाला.

"कधी?"

"मागच्या महिन्यात. मयताला गेलो होतो कालुंगूला, सासुरवाडीला. गर्दी होती, कोणाचा तरी हात हातात आला." हे अर्धं खरं होतं. मयताच्या गर्दीत पन्नास जणांचे हात हातात येतात. आणि काळा तर तो वर्षभर चुकवत होता, पण तारखा लावून कोण बघतो?

"झालं तर," सेरुंकुमा म्हणाला. "सापडलं."

सगळ्यांनी येऊन लुबोवाची पाठ थोपटली. नांबूझेबाईंनी दुसरा सोडा दिला. त्या दिवशी तो घरी गेला, पोटभर मटोके जेवला आणि लवकर झोपला.

सोमवारी सकाळी मुलुंबा मास्तर दाढीला आले. मास्तर शाळेत गणित शिकवत आणि रविवारी चर्चमध्ये बायबल वाचत. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. लुबोवाने त्यांचा डावा गाल गुळगुळीत केला आणि उजव्या गालाला फेस लावला, तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. मास्तर ऐकत राहिले. मग त्यांनी आरशातून लुबोवाच्या वस्तऱ्याकडे पाहिलं.

"लुबोवा, हात कसा आहे तुझा?"

"उत्तम आहे, मास्तर."

"असं कर," मास्तर हळूच खुर्चीतून उठत म्हणाले, "उरलेली राहू दे. मला तशीही वाढवायचीच होती."

"एकाच बाजूला?"

"सुरुवात एका बाजूने करतो," असं म्हणून मास्तर टॉवेलासकट गेले.

त्यानंतर बुधवारपर्यंत त्या खुर्चीत एक माणूस बसला नाही. लोक रस्त्याच्या पलीकडून नमस्कार करत, तब्येत विचारत आणि पुढच्या सलूनमध्ये शिरत. थरथरत्या हाताच्या न्हाव्याबद्दल सगळ्यांना कळवळा होता, पण कळवळ्यासाठी गळा कोण पुढे करणार? लुबोवा रिकाम्या खुर्चीत स्वतःच बसून आरशात बघत राही. हात समोर धरून बघे. हात दगडासारखा स्थिर असे.

घरी तर वेगळंच शिजत होतं. नसूना बाजारातून आली, टोपली खाली ठेवली आणि चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, "माझ्या आईचा हात धरलात म्हणे तुम्ही."

"धरला नाही. आला असेल हातात, असं म्हणालो."

"कोणाला म्हणालात?"

"बारमध्ये."

"म्हणजे मसाकापर्यंत गेलं." ती वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "आईचा फोन आला होता. येत्या रविवारी तिच्या शेजारच्या मुलीची मागणी आहे. मुलीच्या कमरेचा पट्टा आई बांधणार होती. तीस वर्षं गावातल्या प्रत्येक नवरीचा पट्टा तिनेच बांधलाय. काल मुलीची आत्या येऊन सांगून गेली, या खेपेला दुसरी कोणीतरी बांधेल म्हणून. ओबुको लागलेल्या घरचा हात नवरीला नको."

"पण आईंचा हात कुठे थरथरतोय?"

"तुमचा थरथरतोय ना! लोक काय म्हणतात माहितीये? जावयाला शिवली ती शिवली, वर महिनाभर लपवून ठेवलं."

एका चेंडूपायी आपण एका भल्या बाईची तीस वर्षं घालवली, हे लुबोवाला आत्ता कळत होतं.

"एक विचारू?" नसूना जरा शांत होऊन म्हणाली. "दिवसाला दहा माणसांच्या गळ्यावर वस्तरा फिरवता. तिथे कधी हात हलला नाही. मग त्या टेबलावर काय होतं?"

लुबोवाने विचार केला. "तिथे मान दुसऱ्याची असते," तो म्हणाला.

"आणि इथे?"

"इथे माझी."

"ती तिथे ठेवायला सांगितली कोणी?"

कोणीच सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी दोघं बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर बसून कालुंगूला गेली.

जावयाने सासूची माफी मागायची, पण तिच्यासमोर न जाता, हे काम सोपं नाही. अंगणात फणसाखाली घराकडे पाठ करून लुबोवाला स्टूल दिलं. सासूबाई, म्हणजे नाकायिझाबाई, आतल्या खोलीत पडद्यामागे बसल्या. मध्ये दारात नसूना उभी राहिली आणि इकडचं तिकडे पोचवू लागली. दोन्हीकडचं दोन्हीकडे स्पष्ट ऐकू येत होतं, तरी रीत ती रीत.

"आईंना सांग, माझ्याकडून मोठी चूक झाली."

"आई, ते म्हणतायत चूक झाली."

"ऐकलं," आतून आवाज आला. "त्यांना विचार, हात कुठे धरला माझा?"

"मयताला, म्हणावं. गर्दीत."

"विचार त्यांना, मी त्या मयताला होते का?"

लुबोवा मयताला कोण कोण होतं ते आठवू लागला.

"त्या आठवड्यात मी कंपालात होते," आवाज शांतपणे म्हणाला. "डोळ्याच्या ऑपरेशनला. नसूना माझ्याजवळ होती. तिने सांगितलं नाही?"

लुबोवाने मागे वळून बायकोकडे बघायचा मोह आवरला. नसूनाच पुढे आली. "मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं की आईला घेऊन कंपालाला जातेय. शनिवार होता. तुम्ही हूं म्हणालात." आणि मग, जरा वेगळ्या सुरात, "मग हात कोणाचा होता?"

"असेल कोणाचातरी. पाद्र्याचा असेल."

आत नाकायिझाबाई खोकल्या. ते हसू होतं की काय, सांगणं कठीण. "जावईबापूंना म्हणावं, मी सांगते तुमच्या थरथरण्याचं. तुम्ही नसूनाला मागायला आलात त्या दिवशी तुम्हाला काय काम होतं?"

"काही नाही," लुबोवा परस्पर म्हणाला. नवऱ्या मुलाला त्या दिवशी काहीच काम नसतं. बोलायला दोन्हीकडचे बोलणारे असतात. नवऱ्याने पांढरा पायघोळ कांझू घालून, तोंड मिटून तिसऱ्या खुर्चीत बसायचं.

"बरोबर. काही काम नव्हतं. मी मागच्या खोलीत होते. तुम्ही मला पाहिलं नव्हतं, मी तुम्हाला पाहिलं नव्हतं. आणि बाहेर कसला तरी खडखडाट चालला होता. मी विचारलं, पाऊस आला का पत्र्यावर? तर बायका म्हणाल्या, नाही, नवऱ्या मुलाची खुर्ची हलतेय. नुसतं बसायचं होतं तुम्हाला. त्यातही तुम्ही परीक्षा शोधलीत. हा आजार तुम्ही तुमच्या घरून आणलात, जावईबापू. माझ्या नावावर कशाला खपवता?"

लुबोवाची मान खाली गेली. असलं खरं बोलणं पाठ फिरवून ऐकलेलं बरं असतं, पण तरीही लागतं.

"मी जाऊन सगळ्यांना खरं सांगतो," तो म्हणाला.

त्याने सांगितलंही. शुक्रवारी ओसरीवर उभा राहून त्याने कबूल केलं, की मी खोटं बोललो, सासूबाई तेव्हा कंपालात होत्या, ओबुको वगैरे काही नाही. लोकांनी आदराने ऐकून घेतलं.

"बघा," सेरुंकुमा इतरांना म्हणाला, "सासूला वाचवतोय. जावई असावा तर असा."

"अरे पण मी खरं सांगतोय."

"तू तेच म्हणणार. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं." मग त्याला कल्पना सुचली. सेरुंकुमाला कल्पना सुचली की नांबूझेबाई खुर्च्या आवरायला लागत. "उद्या शेवटचा सामना आहे. न्येंडोच्या बारवाले येतायत. जो जिंकेल त्याचा कप. शेवटचा डाव तू खेळ. हात हलला नाही, तर ओबुको नाही. हलला, तर आहे. मुलुंबा मास्तर साक्षीला बसतील. मग कालुंगूच्या बायकाच काय, बिशपही काही बोलणार नाही."

मुलुंबा मास्तरांनी मान डोलावली. त्यांची उरलेली दाढी दुसरीकडे झाली होती, पण दोन्ही गालांचा रंग अजून वेगळा दिसत होता.

लुबोवाला हसावं की रडावं कळेना. वर्षभर तो स्वतःला सांगत आला होता की या चेंडूवर सगळं अवलंबून आहे, आणि ते साफ खोटं होतं. आता एकदाचं खरोखर अवलंबून होतं.

शनिवारी लुकाया लोटलं. पूल न कळणारेही आले. भाजलेल्या गोन्झा केळ्यांच्या पाट्या घेऊन बायका आल्या. ओसरीच्या एका अंगाला पपायरसच्या चटयांचं कुंपण होतं. त्याच्या पलीकडे कापडाच्या दुकानात एक खुर्ची मांडून, टेबलाकडे पाठ करून, नाकायिझाबाई येऊन बसल्याची बातमी कानोकान फिरली. त्या स्वतः कोणालाही न विचारता बसने आल्या होत्या.

दोन डाव लुकायाचे, दोन न्येंडोचे. शेवटच्या डावाला न्येंडोचा गोन्झागा उभा राहिला. हा धंद्याने खाटीक. एका हाताने शेंगदाणे खात खेळायचा आणि त्याला कशाचंच काही वाटत नसे. लुबोवाला त्याचा नेहमी हेवा वाटे. आज मात्र हेवा करायलाही अंगात त्राण नव्हतं. चार रात्री झोप नव्हती, कमरेत बोडाच्या धक्क्यांची कळ होती, आणि विसरून त्याने सकाळी मटोके खाल्लं होतं, तेही दोनदा वाढून घेऊन. पथ्य मोडलं होतं, शपथ मोडली होती, धंदा बसला होता, आणि जी बाई त्याला कधी वाकडा शब्द बोलली नव्हती, ती त्याच्यापायी कापडाच्या दुकानात पाठमोरी बसली होती.

तो खेळत गेला. चेंडू पडत गेले. गोन्झागाही घालत गेला. शेवटी टेबलावर काळा उरला, आणि पाळी लुबोवाची.

चेंडू अवघड नव्हता. सरळ होता, हात-दीड हात लांब. लुबोवाने एकदाच खडू लावला. प्रदक्षिणा घालायचा कंटाळा आला. तो वाकला आणि नेहमीचं वाक्य मनात आणू लागला, 'हा गेला तर तू...' पण वाक्य पुरं होईना. हा गेला तर काय? जे जायचं ते सगळं आधीच गेलं होतं. त्याला फक्त कुठेतरी टेकायचं होतं.

शंभर माणसं श्वास रोखून बघत होती, आणि एकही माणूस चेंडूकडे बघत नव्हता. सगळे डोळे लुबोवाच्या हातावर होते. मुलुंबा मास्तर चष्मा पुसून, गुडघ्यावर बसून, कोपर निरखत होते. गोन्झागाने शेंगदाणे चघळायचं थांबवलं.

हात हलला नाही. कोपर नाही, मनगट नाही, बोट नाही.

क्यू गेला. काळा सरळ, सुतासारखा, पॉकेटात गेला. आणि त्याच्या मागोमाग, त्याच वाटेने, घाई नसल्यासारखा पांढराही गेला.

काळ्याबरोबर पांढरा गेला की डाव गेला, हा नियम लुकायातच काय, सगळीकडे तोच आहे. पण तो आठवायला कोण रिकामं होतं? ओसरीवर एकच गलका झाला. मुलुंबा मास्तर उठून उभे राहिले आणि चर्चमधल्या आवाजात म्हणाले, "हात हलला नाही. मी डोळ्यांनी पाहिलं." बायकांनी आनंदाने लांब आरोळ्या दिल्या. नसूना चटईशी धावली. कोणीतरी लुबोवाला मिठी मारली. तो गोन्झागा होता. सगळ्या गर्दीत एकटा सेरुंकुमा टेबलाच्या पॉकेटात हात घालून पांढरा चेंडू चाचपत होता, आणि त्याचं तोंड बघवत नव्हतं. एक कान तुटलेला कप न्येंडोवाल्यांनी गुपचूप पिशवीत घातला.

गलका ओसरला, तेव्हा चटईपलीकडून आवाज आला. मध्ये नसूना होती, पण या वेळी आवाजाने तिला मध्ये घेतलं नाही.

"जावईबापू, हात हलला नाही म्हणतात."

"नाही हलला, आई."

"देवाची कृपा. मग हरलात कसे?"

लुबोवा क्यूचा आधार घेऊन उभा होता. सगळं लुकाया ऐकत होतं. हात निरोगी असल्याचं मास्तरांनी आत्ताच जाहीर केलं होतं. मन ठिकाणावर होतं, पोट भरलेलं होतं, टेबल सपाट होतं. कुठलंही कारण हाताशी उरलं नव्हतं. इतक्या वर्षांत जे त्याने बायकोला, आरशाला, कोणालाच सांगितलं नव्हतं, ते शेवटी तो एका चटईला म्हणाला.

"मी तेवढा चांगला खेळत नाही, आई."

पलीकडे खुर्ची सरकली, पिशवी उचलल्याचा आवाज आला.

"एवढंच होतं ना," नाकायिझाबाई म्हणाल्या, "मग माझं नाव घेण्याआधी हेच सांगायचं होतं." आणि त्या कालुंगूच्या बसकडे निघाल्या, कारण दुसऱ्या दिवशी नवरीचा पट्टा आता पुन्हा त्यांनाच बांधायचा होता.